टिकणे आणि फळणे



आजच्या विषयाची पाटी वाचून पुष्कळांच्या मनात आले असेल की, युनियनच्या माणसाला झाडापेडांतले काय कळते? शंका रास्त आहे. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि नगर वाचनालयात. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

काही वर्षांपूर्वी कामगार प्रतिनिधींच्या एका शिष्टमंडळाबरोबर आम्ही स्वीडनला गेलो होतो. स्टॉकहोम शहरात कामगारांच्या छोट्या छोट्या बागा आहेत. दाटीच्या वस्तीत राहणाऱ्या कुटुंबांना मोकळी हवा आणि मूठभर जमीन मिळावी, म्हणून अ‍ॅना लिंडहागेन नावाच्या बाईंनी पुढाकार घेतला आणि १९०६ साली तिथे या बागांची संस्था उभी राहिली. अशाच एका बागेत लेथवर जन्म घालवून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी आम्हांला आपला लिंगोनबेरीचा वाफा दाखवला.

लिंगोनबेरी म्हणजे घोट्याएवढे, बारमाही हिरवे झुडूप. फळ लालभडक, वाटाण्याएवढे आणि चांगलेच आंबट. त्यात बेन्झोइक आम्ल मुळातच असल्यामुळे ते नुसत्या पाण्यात घालून ठेवले तरी महिनोन् महिने टिकते. स्वीडनच्या जंगलात ते भरपूर होते आणि रिवाजाने कोणालाही वेचता येते. मग बागेत कशाला लावले? गृहस्थ म्हणाले, "गुडघे आता जंगलापर्यंत नेत नाहीत."

पण त्यांची एक चूक झाली होती. जंगलातले झाड, त्याला सावलीच हवी, अशा समजुतीने त्यांनी ते एका मोठ्या झाडाच्या गर्द सावलीत लावले. तीन वर्षे पाने तजेलदार राहिली, झुडूप जमिनीखालून हातपायही पसरत गेले. फळे मात्र ओंजळभरही आली नाहीत. अखेर त्यांनी वाफा उघड्यावर हलवला आणि दोन वर्षांत तो लालेलाल झाला.

याचे कारण सोपे आहे. पाने जगवायला थोडा उजेड पुरतो. फूल आणि फळ धरायला साखर लागते, ती पानांत तयार होते आणि तिचे इंधन ऊन. जंगलातही पाहा. स्प्रूसच्या दाट सावलीत हे झुडूप नुसते तग धरते. पाइनच्या विरळ रानात, किंवा झाडतोड होऊन काही वर्षे लोटलेल्या मोकळ्या जागी फळाने लगडते. म्हणून जाणते माळी त्याला दिवसाचे निदान सहा तास ऊन देतात.

मग जितके ऊन अधिक तितके बरे काय? तसेही नाही. स्टॉकहोमला जूनमध्ये दिवस साडेअठरा तासांचा असतो, पण भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून चोपन्न अंशांच्या वर चढत नाही. ऊन लांब, पण मवाळ. जिथे उन्हाळा कडक, तिथे या झुडपाला सकाळचे ऊन आणि दुपारनंतरची सावली द्यावी लागते, कारण त्याची मुळे उथळ असतात आणि माती लवकर सुकते. हिवाळ्याची गोष्ट आणखी निराळी. जमीन गोठलेली असते, मुळांना पाणी ओढता येत नाही आणि अशा वेळी पानांवर ऊन पडले तर पाने करपतात. बर्फाची दुलई असेल तर ती वाचतात. म्हणजे उन्हाचे माप नुसते तासांत धरायचे नाही, ते मुळाशी असलेल्या पाण्याशी ताडून पाहायचे. (आपल्याकडे कुणी हे रोप कुंडीत लावायच्या विचारात असेल तर पैसे वाचवा, त्याला आम्लधर्मी माती आणि खरी थंडी लागते.)

आता आमची चूक सांगतो. १९९८ साली एका कारखान्यात काही कामगार वर्षानुवर्षे कायम रात्रपाळीवर होते. पाळी आळीपाळीने बदलावी, ही त्यांची मागणी. मालक म्हणाले, "त्यांना सवय झाली आहे." आणि आम्हीही वाटाघाटीत ती मागणी सोडली, भत्ता वाढवून घेतला, हारतुरे स्वीकारले. त्यांतल्या एकाने नंतर आम्हांला विचारले, "साहेब, माझं पोर मला जागं कधी बघणार?" त्या वेळी आमच्याजवळ उत्तर नव्हते. स्टॉकहोमच्या त्या वाफ्यापाशी उभे असताना ते सापडले. माणूस सावलीत टिकला, म्हणून त्याला सावलीच मानवते असे आम्ही धरून चाललो होतो.

परत आल्यावर पहिल्याच बैठकीत आम्ही ती मागणी पुन्हा पहिल्या क्रमांकावर घातली. पाळ्या फिरायला दीड वर्ष लागले. ज्याने प्रश्न विचारला होता तो तोवर निवृत्त झाला होता. त्याचे देणे आमच्याकडे राहिलेच.

१८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. वार सूर्याचा आहे, हा योगायोग असेल. पण घरी गेल्यावर आपापल्या अंगणात, आपापल्या घरात एकदा जरूर पाहा : कोण नुसते टिकून आहे आणि त्याच्यावर कोणाची सावली पडली आहे?