बिघडला तर कोण बघणार?

दुधनी म्हणजे अक्कलकोट तालुक्याचं पार टोक. सोलापूरहून वाडी जंक्शनकडं जाणारी गाडी दुधनी ओलांडते ती थेट कर्नाटकातच शिरते. बाजारात एकाच वाक्यात कन्नड नि मराठी नांदतात.

इथं कुणी संगणक घ्यायला निघाला, की पहिला प्रश्न कंपनीचा नसतो. "बिघडला तर कोण बघणार?" हा असतो. पूर्वी मला हा प्रश्न बावळट वाटायचा. मग पुण्याहून एका नावाजलेल्या कंपनीचा लॅपटॉप आणला. वर्षाच्या आत त्याचा पडदा गेला आणि सोलापूरला चार खेपा झाल्या. आता मीही तेच विचारतो.

थोरामोठ्यांच्या देशांतही वेगळं नव्हतं. १९८०च्या दशकात ब्रिटनमधल्या शाळांत बीबीसी मायक्रो असायचा, कारण त्याच्यामागं बीबीसीचं नाव आणि सरकारचं अनुदान होतं. घरी पोरं सिंक्लेअरच्या स्वस्तातल्या स्पेक्ट्रमवर गेम खेळायची. अमेरिकेत शाळेत ॲपल टू, घरात कमोडोर ६४. फ्रान्सनं १९८५ साली शाळांना देशी थॉमसनची यंत्रं दिली. कुठलं यंत्र सरस, याला घरी कोण विचारतो? शेजारच्या पोराकडं ज्या यंत्राच्या कॅसेटी, तेच यंत्र आपल्यालाही हवं!

आपल्याकडं १९८४च्या सुमारास केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून हाच बीबीसी मायक्रो आला, पहिल्या टप्प्यात सुमारे २५० शाळांत. घरांत मात्र तो शिरलाच नाही. महाराष्ट्रातल्या लहान गावांना संगणकाची खरी ओळख करून दिली ती २००१ साली सुरू झालेल्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमानं. तेव्हाचा घरचा संगणक बहुधा असेंबल्ड. डबा कुणाचाही, आत प्रोसेसर इंटेलचा, आणि हमी दुकानदाराच्या तोंडची. ती कंपनीच्या कागदापेक्षा पुष्कळदा खरी निघायची.

सीमेवरच्या आमच्या भागात खरी फाळणी केली ती कंपन्यांनी नव्हे, फॉन्टांनी. मराठी मजकूर श्रीलिपीत, कन्नड नुडीत. एकाची फाईल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली, की पडद्यावर नुसत्या किडामुंग्या. युनिकोडनं हे भांडण बरंचसं मिटवलं.

तेव्हा येत्या जूनला पोरांसाठी संगणक घेणार असाल, तर कंपनीचं नाव मागाहून विचारा. आधी दुकानदाराला एवढंच विचारा, दुरुस्तीला सोलापूरला न्यायचा, की कलबुर्गीला?