पायांची दोन दुखणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. पण ‘तुमचे पाय कसे बरे झाले ते सांगा’ असा चिटणीसबाईंनी आग्रहच धरला. ऐकून मी मनाशी हसले. पाय पुरते बरे झालेले नाहीत, आणि तेच आज सांगावयाचे आहे.

2023 च्या अधिक श्रावणात आमच्या घरची सारी मंडळी पुरुषोत्तमपुरीला निघाली. गाव आपल्याच तालुक्यातले, गोदाकाठचे. देवळाजवळ जीप थांबली आणि मला काही उतरता येईना. वजन तेव्हा 112 किलो होते. सासूबाई म्हणाल्या, “राहू दे, तुझ्या वाटचा नमस्कार मी करते.” सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई चालत गेल्या आणि मी सगळ्यांच्या चपलांची राखण करीत जीपमध्ये बसले. त्या दिवशीची शरम अजून जात नाही.

तोवर रुईची पाने शेकून बांधली होती, तेल चोळले होते, दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या तर चण्यांसारख्या खाल्ल्या होत्या. गुडघे दुखतात म्हणून चालणे नाही आणि चालणे नाही म्हणून वजन वाढते, असा तो फेरा होता.

2024 च्या फेब्रुवारीत छत्रपती संभाजीनगरला माझी शस्त्रक्रिया झाली. 2017 साली इजिप्तच्या इमान अहमद यांना मुंबईस आणले होते, ती हकीकत आपण वर्तमानपत्रांत वाचली असेल. त्याच जातीची ही शस्त्रक्रिया. पोटावर लहान छिद्रे पाडून जठराचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढतात आणि केळ्यासारखी नळी ठेवतात. “चांगले पोट कापून घेते!” असे म्हणणाऱ्याही भेटल्या. त्यांचे मी वाईट मानले नाही. भीती मलाही होतीच.

दहा महिन्यांत वजन 80 वर आले. एक किलो उतरला की पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे शास्त्रज्ञांनी मोजून पाहिले आहे. माझ्या गुडघ्यांना ते न मोजताच कळले. भाजीबाजारातून मी पायी येऊ लागले. मात्र झिजलेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही. जिना उतरताना गुडघा अजूनही बोलतो.

आता माझी चूक. पाय हलके झाले, तशी मी जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा कंटाळा करू लागले आणि तपासणीची तारीखही चुकविली. काही महिन्यांनी तळव्यांना मुंग्या येऊ लागल्या, रात्री आग होई. जुनेच दुखणे परत आले, असे समजून मी कुणास बोलले नाही. एके सकाळी दळण घेऊन येत होते. शेजारच्या मुलीने हाक मारली, “काकू, तुमची एक चप्पल मागे राहिली!” पायातली चप्पल निघाली आणि मला कळलेही नव्हते!

त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे गेले. रक्तात ब-12 जीवनसत्त्व फारच कमी निघाले. ते अन्नातून शोषून घेण्यास लागणारा पदार्थ जठरात तयार होतो. माझे जठर उरले थोडे, खाणे थोडे, त्यात आम्ही शाकाहारी. हे दुखणे गुडघ्याचे नव्हते, मज्जातंतूंचे होते. इंजेक्शने सुरू झाली. आग थांबली, मुंग्या कमी झाल्या. उजव्या अंगठ्याचा बधिरपणा मात्र राहिला आहे.

डॉक्टरांनी आणखी दोन गोष्टी बजावल्या. शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. मालीश न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. वारंवार उलट्या होऊन पायांतले बळ गेले, तरीही थांबू नये. ब-1 कमी पडलेले असू शकते. आणि वेदनाशामक गोळ्या आता मनाने घ्यावयाच्या नाहीत, त्यांनी उरलेल्या जठरात व्रण होतात. माझ्या गोळ्यांचा डबा सासूबाईंनी आपल्या पेटीत ठेवून किल्ली कमरेला लावली आहे.

तपासणीचे माझे सारे कागद घरी आहेत. कुणास पाहावयाचे असतील तर दुपारी चारनंतर जरूर यावे. मी घरीच असते, दळणाला गेले नसले तर.