दोरी ओढली तरी न उचलणारं इंजिन



नागपूर जिल्ह्यातला पारशिवनी तालुका म्हटला की बाहेरच्या माणसाला वाघ आठवतो. पण हा भाग पाण्याचाही आहे. पेंच नदीवर वरच्या अंगाला तोतलाडोह, खाली नवेगाव खैरी, अशी दोन धरणं. नागपूरकरांच्या नळाला येणारं बरंचसं पाणी इथूनच जातं. या पाण्यावर ढिवर बांधवांचे डोंगे आहेत, कोलितमाऱ्याला पर्यटकांच्या बोटी आहेत, वनखात्याची गस्त आहे. डोंग्याला वल्हं पुरतं. मोठ्या बोटीच्या मागे मात्र इंजिन टांगलेलं असतं. पूरबचावाची माणसं त्याला ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड मोटर, म्हणतात. आज बोलायचं आहे ते जुन्या, टू-स्ट्रोक ओबीएमबद्दल. सुरू तर होतं, पण धड चालत नाही, अशा इंजिनाबद्दल.

2020 च्या ऑगस्टअखेर तोतलाडोह आणि नवेगाव खैरीचे दरवाजे उघडावे लागले. पेंच आणि कन्हान फुगल्या, पारशिवनी, कामठी, मौद्याकडच्या गावांत पाणी शिरलं आणि माणसं बोटींतून बाहेर काढावी लागली. पुरासाठी ठेवलेल्या बोटीचं इंजिन वर्षातले बहुतेक महिने गोदामात उभं असतं आणि एका रात्री त्याने लगेच उचलावं अशी आपली अपेक्षा असते. इंजिन जुनं झालं म्हणून बिघडलं, असं आपण म्हणतो. माझं मत वेगळं आहे. चालून जेवढी इंजिनं खराब होतात, त्याहून जास्त उभी राहून होतात.

आपल्याकडची सवय अशी की इंजिनाने कुरकूर केली रे केली, की कार्बोरेटर उघडायचा. मी म्हणतो, त्याला सगळ्यात शेवटी हात लावा. आधी कॉम्प्रेशन पाहा. सगळे प्लग काढा, प्लगच्या वायरी इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि गेज लावून दोरी ओढा. दोन सिलिंडर असतील तर दोन्हींचे आकडे जवळपास सारखे हवेत. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर रिंगा, पिस्टन किंवा हेड गॅस्केट तपासल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. गेज महाग नसतं, आणि मोटारसायकलच्या गॅरेजातही मिळून जातं.

मग ठिणगी. दोन सिलिंडरपैकी एक मेलेला असला तरी हे इंजिन चालतं, हीच त्याची फसवी गोष्ट आहे. ते थरथरतं, मिसिंग करतं, बोट रिकामी असेपर्यंत जातंही, पण चार माणसं बसली की उचलत नाही. प्लग काढून पाहिला तर कळतं. चालणाऱ्या सिलिंडरचा प्लग कोरडा, तपकिरी. मेलेल्याचा काळा आणि पेट्रोलने ओला. नवा प्लग टाकून बघा, पण नंबर मॅन्युअलमधलाच. तरी ठिणगी नसेल तर फार जुन्या इंजिनात फ्लायव्हीलखाली पॉइंट आणि कंडेन्सर असतात. ज्या मिस्त्रीने लुना आणि चेतक दुरुस्त केल्या, त्याला हे काम नवं नाही. ठिणगी तपासताना पेट्रोलची टाकी दूर ठेवा आणि मोकळ्या हवेत काम करा. आणि हो, इंजिन बंद करायच्या बटणाला एक लाल दोरी आणि क्लिप असते. ती जागेवर नसेल तर बहुतेक इंजिनांत ठिणगी येतच नाही. एवढ्यासाठी अख्खं इंजिन खोललेलं मी पाहिलं आहे.

आता पेट्रोल. इथे थोडं थांबूया, कारण निम्म्याहून जास्त तक्रारी मला इथेच सापडतात. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. अर्धी भरलेली टाकी पावसाळाभर पडून राहिली, आत पाणी मर्यादेबाहेर गेलं, की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतं आणि इंजिनाची नळी नेमकी तळातूनच ओढते. संशय आला तर टाकीच्या तळातलं थोडं पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर ते पेट्रोल इंजिनाला देऊ नका. शिवाय जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने आतून मऊ होतात, त्यांचे कण पुढे जाऊन अडकतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, कार्बोरेटरमधलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट राळ उरते. बारीक छिद्राचा पायलट जेट त्यानेच बुजतो.

म्हणून इंजिन नेमकं कधी बिघडतं ते लक्षात ठेवा. मंद चालताना बंद पडतं आणि वेगात ठीक असतं, तर पायलट जेट बुजलेला असण्याची शक्यता मोठी. उलट मंद ठीक, पण थ्रॉटल दिला की दम सोडतं, तर मेन जेट किंवा पेट्रोलचा पुरवठा पाहा. पाच-दहा मिनिटं नीट चालून मग मरतं, तर आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा. तो बंद असला तर आत पोकळी तयार होते आणि पेट्रोल येणं थांबतं. नळीवरचा रबरी बल्ब चपटा झालेला दिसला, तर हेच समजा. इंजिन मरायला लागल्यावर तोच बल्ब हाताने दाबत राहिलात आणि ते पुन्हा सावरलं, तर दोष पंपाच्या डायफ्राममध्ये किंवा कुठल्या तरी जोडात हवा शिरण्यात आहे. कार्बोरेटर निर्दोष असतो आणि शिव्या खातो!

तरीही तो उघडावा लागलाच, तर जेटमध्ये तार घालू नका. पितळ मऊ असतं, छिद्र मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा दाब पुरतो.

तेलाबद्दल एकच गोष्ट. पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक इंजिनासाठी वेगळं तेल येतं, डब्यावर टीसी-डब्ल्यू-3 लिहिलेलं असतं. स्कूटरचं टू-टी तेल त्याच्या जागी वापरू नका. बऱ्याच इंजिनांना 50 ला 1 हे प्रमाण चालतं, म्हणजे पाच लिटर पेट्रोलला 100 मिलिलिटर. पण खूप जुन्या इंजिनांना दुप्पट तेल लागतं. मॅन्युअल पाहा, शेजाऱ्याच्या इंजिनावरून अंदाज करू नका.

इंजिन उत्तम वाजतं, पण बोट पुढे सरकत नाही, असंही होतं. जलाशय उतरल्यावर पाण्याखालची झाडांची खोडं वर येतात. पंखा त्यावर आदळला की शिअर पिन तुटते, किंवा पंख्याच्या आतलं रबर सुटून शाफ्ट नुसताच आतल्या आत फिरतो. आणि मासेमारीच्या पाण्यात नायलॉनचा धागा पंख्यामागे शाफ्टला गुंडाळला जातो, सील कापतो, गिअरमध्ये पाणी शिरतं. गिअरचं तेल दुधासारखं पांढरट दिसलं तर पंखा काढून तो धागा शोधा.

इंजिन कोरडं कधीही चालवू नका. थंड ठेवणारा रबरी इंपेलर पाण्याशिवाय काही क्षणांतच करपायला लागतो. 200 लिटरचा ड्रम भरा, त्यात इंजिनाचा खालचा भाग बुडवा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि मागून पाण्याची धार येते का पाहा. धार बारीक असेल तर आधी तिचं छिद्र मोकळं करा, मग इंपेलर बदला.

नवं फोर-स्ट्रोक इंजिन घ्या, असा सल्ला देणारे भेटतात. ते कमी पेट्रोल पितं, धूरही कमी. पण त्यात संगणक असेल आणि तो बिघडला तर तालुक्यात कुणी हात लावणार नाही. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूडने 1909 साली अमेरिकेत मिलवॉकीला विकायला आणलं, त्या इंजिनाच्या साध्या रचनेचं जुनं टू-स्ट्रोक आजही एक पाना, एक स्क्रूड्रायव्हर आणि एक जाणता मिस्त्री यांच्यावर चालू राहतं. सुटे भाग मिळतात तोवर तरी ते फेकू नये.

ज्यांच्याकडे बोट आहे, मग ती ग्रामपंचायत असो, मच्छीमार संस्था असो की पर्यटन चालवणारी मंडळी, त्यांना माझी विनंती एवढीच. पावसाचा अंदाज यायची वाट पाहू नका. मे महिन्यातच जुनं पेट्रोल काढून टाका, ताजं भरा, ड्रममध्ये इंजिन चालवा आणि पुढे दर पंधरवड्याला पुन्हा चालवा. एका डब्यात नवे प्लग, इंपेलर, शिअर पिना आणि सुरू करायची जादा दोरी बांधून तो डबा बोटीतच ठेवा. लाइफ जॅकेट मोजून घ्या.