लोण्याचा प्रांत

रक्ततपासणीचा कागद हातात आला की नजर आधी कोलेस्टेरॉलच्या आकड्यावर जाते. दोनशेच्या आत असला की सुटलो. वर असला की उद्यापासून तूप बंद आणि परवापासून पुन्हा सुरू. हा मामला त्या माणसाचा आणि त्याच्या जिभेचा, असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं वेगळं आहे. हृदयविकाराला एकट्याच्या पथ्याने फारसा आवर बसत नाही. बदल गावाच्या दुकानात आणि चुलीवर व्हावा लागतो. याचा दाखला फिनलंडच्या पूर्व टोकाला, उत्तर करेलिया प्रांतात सापडतो.

१९७०च्या सुमारास या प्रांताची वस्ती सुमारे १ लाख ८० हजार होती. दूधदुभतं आणि लाकूडतोड यांवर चालणारा हा मुलूख. पुरुषांचं सरासरी कोलेस्टेरॉल २७० मिलिग्रॅमच्या आसपास. ज्या आकड्याने आपल्या घरात धावपळ उडेल, तो तिथे चारचौघांचा होता. पावावर लोण्याचा जाड थर, सोबत सायीचं दूध. तिथली प्रसिद्ध करंजी पाहा: राय धान्याच्या पातळ पारीत दुधात शिजवलेला भात भरायचा, ती भट्टीत भाजायची आणि बाहेर निघाली की तिला वितळलेल्या लोण्याने न्हाऊ घालायचं. ऐन उमेदीतले पुरुष हृदयविकाराने जात होते. ‘अंगमेहनत करणाऱ्याला तूप पचतं’ असं आपण म्हणतो ना? बर्फात दिवसभर कुऱ्हाड चालवणाऱ्या या लाकूडतोड्यांपेक्षा अंगमेहनत आणखी कोणाची असणार? ‘आजोबा तूप खाऊनही धडधाकट होते’ असा दाखला देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

१९७१ साली प्रांताच्या प्रतिनिधींनी सरकारकडे मदत मागितली आणि १९७२ साली पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या नेतृत्वाखाली काम सुरू झालं. व्याख्यानं झालीच, पण त्यांनी किती फरक पडतो, हे व्याख्यात्याइतकं कोणाला ठाऊक असणार! खरं काम दुसरीकडे झालं. ‘मार्था’ या महिला संघटनेच्या बायकांनी गावोगावी एकत्र जमून जुन्याच पदार्थांत लोणी कमी आणि भाजी जास्त घालून दाखवली. दूधसंघांनी कमी स्निग्धांशाचं दूध बाजारात आणलं, सॉसेजवाल्यांनी चरबी उतरवली. दूध उत्पादक चिडले, आणि त्यांचा राग रास्तच होता, कारण त्यांचं पोट दुधा-लोण्यावर होतं. म्हणून काहींना बेरीची शेती करायला मदत झाली. चार दशकांत पुरुषांच्या कोलेस्टेरॉलची सरासरी २१०च्या आसपास उतरली आणि कामकरी वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. तुलनेसाठी निवडलेल्या शेजारच्या कुओपिओ प्रांतातही मृत्यू घटले. मग श्रेय प्रकल्पाचं कसं? सगळं नाहीच. धूम्रपान घटलं, रक्तदाबाचे उपचार सुधारले आणि पुढे काम देशभर पसरलं. तरीही संशोधकांच्या हिशेबात घटीचा मोठा वाटा उतरलेल्या कोलेस्टेरॉलकडे जातो. दुसरा आक्षेप असा, की कोलेस्टेरॉल यकृतच बनवतं, मग आहाराचा काय संबंध? संबंध असा, की रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उचलून घेणारे ग्राही (रिसेप्टर) यकृताच्या पेशींवर असतात. त्यांचा शोध लावणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना १९८५ साली नोबेल मिळालं. आहारात संपृक्त चरबी वाढली की हे ग्राही मंदावतात. म्हणून अंड्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा लोण्यातली चरबी अधिक नडते.

मग गोळी घ्यावी, झालं! १९९४च्या स्कँडिनेव्हियन चाचणीत ४,४४४ हृदयरुग्णांपैकी स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी घेणाऱ्या गटात मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. डॉक्टरांनी दिलेली गोळी मनाने बंद करू नये, हे त्यावरून सरळच आहे. पण ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८५ साली दाखवून दिलेली गोम गोळीने सुटत नाही: बरेचसे झटके ज्यांचा आकडा फार मोठा नाही, अशा मधल्यांनाच येतात, कारण संख्येने तेच जास्त. त्यांच्या कागदावर लाल खूण नसते.

सगळ्यांच्या ताटातला असा एक बदल आपल्याकडेही झाला: तेल आणि वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅट या घातक चरबीवर जानेवारी २०२२पासून २ टक्क्यांची मर्यादा आली. त्यासाठी कोणत्याही घरात पथ्य पाळावं लागलं नाही. डब्यातला माल बदलला. पण गाडीवरच्या कढईत सकाळच्या वड्यांचं तेल रात्रीच्या भज्यांपर्यंत तापत राहतं, आणि त्या कढईवर लेबल नसतं.