पराभवाचा हंगाम

जिंकणाऱ्याला सोयरे फार, ही गोष्ट व्यवहारांत जितकी खरी तितकीच खेळांतहि खरी आहे. विजयी संघाच्या मिरवणुकींत चालणाऱ्यांची वाण कधींच पडत नाहीं. परंतु जो संघ एकामागून एक सामने हरत आहे त्याच्यामागें कोण उभें राहतें, आणि किती दिवस उभें राहतें, यावरूनच तो संघ खरोखर कोणाचा हें कळून येतें. महाराष्ट्रांत या प्रश्नाची कसोटी पाहणारा एक हंगाम होऊन गेला. तो म्हणजे पुणें वॉरियर्स या क्रिकेटसंघाचा २०१२ सालचा हंगाम.

इंडियन प्रीमियर लीग ही धंदेवाईक संघांची वीस षटकांची स्पर्धा २००८ सालीं सुरू झाली, तेव्हां महाराष्ट्रांतून मुंबईचा एकच संघ तींत होता. मार्च २०१० मध्यें सहारा उद्योगसमूहानें पुण्याच्या नांवानें संघ चालविण्याचा हक्क ३७ कोटि डॉलरला घेतला. तोंपर्यंत एवढी किंमत दुसऱ्या कोणत्याहि संघाला पडली नव्हती. मराठवाड्याचा स्वतःचा असा संघ या स्पर्धेंत नव्हता. छत्रपति संभाजीनगरहून पुणें सुमारें २३५ किलोमीटरांवर. शिक्षणासाठीं, नोकरीसाठीं येथील कितीतरी घरांतील मुलें तेथें जाऊन राहिलेलीं. तेव्हां पुण्याच्या संघाला येथील शाळकरी मुलांनीं आपला म्हटलें असेल, तर त्यांत नवल तें काय?

पहिल्या वर्षीं, म्हणजे २०११ सालीं, युवराजसिंगच्या नेतृत्वाखालीं संघानें १४ सामन्यांपैकीं ४ जिंकले. पुढच्या वर्षीं युवराज कर्करोगावर उपचार घेत असल्यामुळें खेळूं शकला नाहीं, व धुरा सौरव गांगुली यांच्याकडे आली. गहुंजें येथील नवें मैदानहि त्याच वर्षीं खुलें झालें.

हंगामाचा आरंभ मोठा शुभसूचक झाला. ६ एप्रिल रोजीं मुंबईच्या वानखेडे मैदानावर पुण्याच्या १२९ धांवाच झाल्या. पण मुंबईला १०१ वर रोखून त्यांनीं सामना जिंकला. दोनच दिवसांनीं गहुंज्याच्या मैदानावर पंजाबला २२ धांवांनीं हरविलें. १४ तारखेस चेन्नईचा आणि २१ तारखेस दिल्लीचा पाडाव झाला. पहिल्या सात सामन्यांत चार विजय पदरीं पडले. त्यानंतर नऊ सामने उरले होते. त्यांपैकीं एकहि जिंकतां आला नाहीं, आणि संघ नऊ संघांत शेवटचा ठरला.

हे सगळेच पराभव नामुष्कीचे होते असें मात्र नव्हे. ३ मे रोजीं गहुंजें येथें मुंबईच्या १२० धांवा झाल्या, पुण्याच्या ११९. एका धांवेनें सामना गेला. ५ मे रोजीं कोलकात्याशीं ७ धांवा कमी पडल्या. गांगुली आपल्याच गांवीं पाहुण्या संघाचे कर्णधार म्हणून उतरले होते, आणि त्या दिवशीं जयघोष कोणाचा करावा याविषयीं तेथील प्रेक्षकांचीं मनें दुभंगलेलीं होतीं. कसोटी सामन्यांत पहिल्या दिवशीं गमावलेलें तिसऱ्या दिवशीं परत मिळवितां येतें. वीस षटकांच्या खेळांत एका डावाचे चेंडू अवघे १२०; एक झेल सुटला, एक षटक महाग पडलें, कीं सांवरण्यास अवसर उरत नाहीं. अशा दोनचार निसटत्या हारी झाल्या म्हणजे खेळाडूच्या मनांत संशय शिरतो, आणि संशयानें खेळणारा हात नेमक्या क्षणीं आंखडतो.

२०१३ सालीं याचाच प्रत्यय आला. १७ एप्रिल रोजीं हैदराबादविरुद्ध अवघ्या १२० धांवा हव्या असतां पुण्याचा डाव १०८ धांवांत आटोपला. २३ तारखेस बंगलोर येथें ख्रिस गेलनें ६६ चेंडूंत नाबाद १७५ धांवा काढल्या, व सामना १३० धांवांनीं गेला. पुन्हां लागोपाठ नऊ पराभव झाले. मग, गमावण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें तेव्हां, या संघानें १५ मे रोजीं रांचीस कोलकात्याला आणि १९ मे रोजीं आपल्या मैदानावर दिल्लीला हरविलें. पण दोनच दिवसांनीं मालकांनीं स्पर्धेंतून अंग काढून घेतल्याचें जाहीर केलें. क्रिकेट मंडळाशीं शुल्कासंबंधीं वाद होता. ऑक्टोबरांत मंडळानें करार रद्द केला, व संघाचें नांवहि उरलें नाहीं. पराभवांनीं संघ मेला नाहीं; तो हिशेबाच्या वहींत मेला.

अमेरिकेंत त्यांच्या पद्धतीचा फुटबॉल खेळणारे धंदेवाईक संघ याहून वाईट हंगाम पाहून उठले आहेत. डेट्रॉइटचा संघ २००८ सालीं सोळाच्या सोळा सामने हरला, आणि २०१७ सालीं क्लीव्हलंडच्या संघाचीहि तीच गत झाली. क्लीव्हलंडच्या लोकांनीं जानेवारी २०१८ मध्यें कडाक्याच्या थंडींत मैदानाभोंवतीं उपहासाची मिरवणूक काढली. राग होता खरा. पण परक्यावर कोणी इतकें रागावत नाहीं. तेथें शेवटच्या संघाला नव्या खेळाडूंच्या निवडींत पहिला मान मिळतो, म्हणजे पराभूताला उठण्यासाठीं नियमच हात देतो. डेट्रॉइटचा संघ जानेवारी २०२४ मध्यें अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यापासून एकाच सामन्याच्या अंतरावर येऊन पोंचला होता. अर्थात् मालकाची मर्जी तेथेंहि चालते. याच क्लीव्हलंडचा संघ १९९६ सालीं मालकानें बाल्टिमोरला नेला होता, आणि १९९९ पर्यंत तें शहर संघावांचून राहिलें.

याच्या उलट महाराष्ट्राचा रणजी संघ पहावा. प्रा. दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखालीं त्यानें १९३९-४० व १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक जिंकला. त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ व २०१३-१४ या तीन वर्षीं तो अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि तिन्ही वेळां हरला. तरी संघ मोडला नाहीं. याच संघांतून औरंगाबादचा वेगवान गोलंदाज इक्बाल सिद्दीकी पुढें आला, व डिसेंबर २००१ मध्यें मोहाली येथें इंग्लंडविरुद्ध कसोटी सामना खेळला. विजयाचे धनी मोजके असतात. पण टिकून राहिलेल्या संघाचा आधार दूरच्या जिल्ह्यांतील मुलालाहि मिळतो. हा संघ कोणी विकत घेतलेला नाहीं, म्हणून कोणाला तो टाकूनहि देतां येत नाहीं.

पुण्याच्या नांवानें पुढें २०१६ व २०१७ अशीं दोन वर्षें दुसरा संघ खेळला. २०१७ चा अंतिम सामना तो मुंबईशीं हैदराबाद येथें हरला, आणि तोहि एकाच धांवेनें. मुदत संपतांच तो संघहि गेला. ज्या मुलांनीं दोन वेळां आपला म्हणून संघ धरला त्यांच्या हातीं दोन्ही वेळां नुसती आठवण राहिली. घरांतील वडील मंडळींनीं याला पोरखेळ समजूं नये. हरणाऱ्याची बाजू न सोडणें हें मूल प्रथम खेळांतच शिकतें. तें शिकत असतां बाजूच नाहींशी झाली, तर त्याची निष्ठा पुढें कोठें रुजावी?

संभाजीनगरच्या आमखास मैदानावर सायंकाळीं मुलांचे डाव पडतात. जिंकलेले हरलेल्यांना चिडवितात, हरलेले कुरकुरत घरीं जातात. दुसऱ्या दिवशीं मात्र दोन्ही बाजू पुन्हां हजर असतात; कारण तेथें हरल्यामुळें कोणी संघांतून कमी होत नाहीं.