महाविद्यालयीन विद्यार्थी मद्यपान का करतात?

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या स्नेहमेळाव्यात रुग्णालय प्रशासकांनी केलेले भाषण)



या दिवशी प्रशासकाने जमाखर्चाविषयी बोलावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. ताळेबंद अहवालात छापलेला असल्याने यंदा विश्वस्तांच्या अनुमतीने आम्ही वेगळा विषय निवडला आहे. आम्ही डॉक्टर नव्हे, मानसशास्त्रज्ञही नव्हे. वाणिज्य शाखेचे पदवीधर असल्याने यकृतापेक्षा पावतीपुस्तक आम्हाला अधिक कळते. परंतु अपघात विभागाच्या देयक खिडकीपाशी रात्री उभे राहिले, म्हणजे तपासणीच्या खोलीत न दिसणाऱ्या काही गोष्टी दिसतात.

आषाढी अमावास्येच्या सुमाराची ही हकिकत. आपल्या घरी त्या दिवशी दिवे पुजले जातात. तरुण मंडळींना तो दिवस ‘गटारी’ म्हणूनच ठाऊक असावा, याची खंत वाटते. रात्री दीडच्या सुमारास चार मुलांनी पाचव्याला रिक्षातून आणले. मुलगा तालुक्याच्या गावाहून आलेला, अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षाचा, ‘कॉट बेसिस’वर राहणारा. अंग गार पडलेले, हाका मारून जाग येत नव्हती, रक्तातील साखर फार खाली गेलेली. हा असा केव्हापासून आहे, असे डॉक्टरांनी विचारले, तेव्हा चौघेही खाली पाहू लागले. अखेर एकजण म्हणाला, ‘अकरापासून.’

त्या अडीच तासांत मुलांनी त्याला लिंबूपाणी पाजण्याचा प्रयत्न केला, अंगावर बादलीभर गार पाणी ओतले, कोठून तरी कॉफीही आणली. आमच्या डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितले की, यांपैकी कशानेही रक्तातील मद्य उतरत नाही. यकृत ते काम आपल्याच गतीने करते. गार पाण्याने अंगातील उरलीसुरली ऊब जाते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. शिवाय पोटात असलेले मद्य पिणे थांबल्यावरही रक्तात मिसळत राहते, त्यामुळे ‘झोपला आहे, झोपू द्या’ म्हणत असतानाच प्रकृती अधिक बिघडू शकते. मुलगा वाचला आणि तिसऱ्या दिवशी खोलीवर गेला. आणखी तासभर उशीर झाला असता तर काय, हा प्रश्न आम्ही डॉक्टरांना विचारला नाही.

उशीर का झाला, हे मात्र मुलांना विचारले. त्यांना तीन भये होती: पोलीस, वडील आणि बिल. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ वर्षे व कडक मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. त्या खोलीतील एकानेही एकविसावे गाठलेले नव्हते. पहाटे बिलाचा विषय निघाला, तेव्हा चौघांनी खिसे उलटे केले. दोघांनी मोबाईलवरून पैसे भरले, दोघांनी चुरगळलेल्या नोटा पुढे केल्या. संध्याकाळी बाटलीसाठी आणि चकण्यासाठी जशी ‘काँट्री’ काढली होती, तशीच ही दुसरी.

सकाळी काही ना काही कागदाच्या निमित्ताने ते एकेकटे आमच्याकडे आले. प्रत्येकाला आम्ही एकच प्रश्न केला, ‘बाळ, तुला हे आवडते का?’ पहिला म्हणाला, ‘मला विशेष नाही, सर, पण बाकीच्यांना हवी असते.’ दुसऱ्याने हेच सांगितले, तिसऱ्यानेही. चौथ्याचे शब्द थोडे निराळे होते, अर्थ तोच. तिसऱ्या दिवशी पाचवा मुलगा म्हणाला, ‘नाही म्हटले असते, तर रविवारी जेवायला कुणाबरोबर गेलो असतो?’

शहरांतील बहुतेक खाणावळींना रविवारी संध्याकाळी सुट्टी असते, हे परगावी शिकलेल्यांना आठवत असेल. घरापासून दूर असलेल्या मुलाला आठवड्यातील ही वेळ सर्वांत अवघड जाते. त्या वेळी जो सोबत नेतो, तो मित्र. तो सोबत नेतो तेथे पेला असेल, तर पेलाही मैत्रीचा भाग होतो.

आमच्या त्या सकाळच्या चौकशीला शास्त्रीय आधारही आहे, हे आम्हाला नंतर कळले. अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात डेबोरा प्रेंटिस व डेल मिलर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या मद्यपानाविषयी केलेला अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. आपल्यापेक्षा इतर विद्यार्थी मद्यपानाबाबत अधिक निःसंकोच आहेत, असे तेथील विद्यार्थ्यांना वाटत होते. आपल्या देशाचे आकडेही पाहावेत. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या ‘एम्स’कडून करून घेतलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १० ते ७५ वयोगटातील पुरुषांपैकी २७.३ टक्के आणि स्त्रियांपैकी १.६ टक्के मद्य घेतात. म्हणजे चार पुरुषांपैकी जवळजवळ तीन घेत नाहीत. पाच कॉटच्या खोलीतील मुलाला मात्र सगळे जग पिणारे वाटते.

इतर कारणे नाहीत, असे नव्हे. चित्रपट आहेत, सोड्याच्या आडून मद्याचे नाव मिरविणाऱ्या जाहिराती आहेत, नापास झाल्याचे दुःख आहे. घरी वडिलांचा पेला पाहत वाढलेल्या मुलाला तर कारण शोधावे लागत नाही. यांवर पुष्कळ बोलले जाते. एकटे पडण्याच्या भीतीविषयी मात्र कमी बोलले जाते. ‘पितोस का?’ असे फोनवर विचारले, तर उत्तर ‘नाही’ असेच येणार. ‘रविवारी कुणाबरोबर जेवलास?’ असे विचारले, तर कदाचित खरे काही हाती लागेल.

येथे एक नाजूक गोष्ट सांगावयास हवी. अशाच एका प्रसंगात, रात्रीच का कळविले नाही म्हणून, एका विद्यार्थ्याचे वडील आमच्यावर संतापले होते. रुग्ण अठरा वर्षांवरील व शुद्धीवर असेल, तर आम्ही त्याला विचारूनच घरी कळवितो. जिवाला धोका असेल, तर कोणाला विचारीत न बसता कळवितो. त्या वडिलांचे चुकले, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु रुग्णालयात गेलो की घरी फोन जातो, असा समज मुलांत पसरला, तर अडीच तासांचे चार तास होतील. विश्वस्त मंडळात यावर दोन बैठका झाल्या. सर्वांचे एकमत झाले असे नाही. नियम तूर्त हाच आहे. पोलिसांकडील नोंद कायद्याने आवश्यक असेल तेथे होतेच. पण उपचार तिच्यासाठी थांबत नाहीत.

पैशांसाठीही थांबत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या २००६ च्या योजनेनुसार, आणीबाणीतील रुग्णाला तत्काळ दाखल करून त्याचे प्राण वाचविणारे उपचार देणे धर्मादाय रुग्णालयांवर बंधनकारक आहे. हे वसतिगृहातील मुलांना ठाऊक नसते. म्हणून एका देणगीदारांच्या साहाय्याने आम्ही एक छोटे पत्रक छापले आहे. जाग येत नसेल तर कुशीवर निजवा, एकटे सोडू नका, तोंडात काही ओतू नका, ताबडतोब आणा. आधी अनामत मागितली जाणार नाही, एवढाच मजकूर. काही खोलीमालकांनी ते दाराशी लावू दिले. एका गृहस्थांनी ‘आमच्याकडची मुले तसली नाहीत’ म्हणून परत पाठविले. आमचा पाचवा मुलगा त्यांच्याच इमारतीत राहत होता.

पत्रके बाहेरील मेजावर ठेवली आहेत. ज्यांची मुले परगावी शिकत आहेत, त्यांनी जाताना दोन न्यावीत: एक मुलासाठी, एक त्याच्या खोलीमालकांसाठी.