हाक कोणाची?



स्मृतिव्याख्यानासाठी मराठीच्या अध्यापकाने संगणकातील ‘इंटरप्ट’ हा विषय निवडावा, याचे काहींना नवल वाटेल. या शब्दाचा अर्थ ‘व्यत्यय’ असा करण्याचा मोह होतो आणि तेथेच गल्लत होते. व्यत्यय टाळायचा असतो. इंटरप्ट ही मात्र यंत्राच्या एखाद्या भागाने प्रोसेसरला घातलेली हाक आहे. ती कोणाची, हे आधी तपासले पाहिजे.

१९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये ८२५९ ही चिप अशा हाकांच्या आठ वाटा सांभाळी. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये तिला दुसरी चिप जोडली गेली आणि वापरता येण्याजोग्या वाटा १५ झाल्या. सिरीयल पोर्टांपैकी पहिला व तिसरा असे दोघेही चौथ्या वाटेवर असत. एकावर माउस व दुसऱ्यावर मोडेम असला, की घोटाळा होई. अशा वेळी प्रत्येक पोर्टची इंटरप्ट-ओळखीची नोंद वाचावी. तिचा सर्वांत खालचा बिट १ असेल, तर त्या पोर्टने हाक घातलेली नाही.

दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. तारेतील विद्युत-गोंगाटाने उठलेली हाक प्रोसेसरने विचारणा करण्यापूर्वीच विरते. चिपला उत्तर तर द्यावेच लागते. म्हणून ती सातव्या वाटेचे नाव सांगते. ती वाट परंपरेने प्रिंटरची, त्यामुळे संशय नाहक त्याच्यावर जातो. येथे चिपमधील चालू कामांची नोंद पाहावी. सातव्या वाटेचा बिट शून्य असेल, तर हाक खोटी समजावी आणि ‘काम संपले’ अशी पोच देऊ नये. त्या पोचेने खरोखर चालू असलेल्या दुसऱ्याच कामाची नोंद पुसली जाऊ शकते.

त्रासून वाटच बंद करणे सोपे असते. पण मग खरी हाकही ऐकू येत नाही. ८२५० या जुन्या सिरीयल चिपमध्ये आलेले अक्षर ठेवण्यास एकाच अक्षराची जागा होती. ते वेळेवर उचलले नाही, तर पुढचे अक्षर त्याच्यावर येऊन पडे आणि पहिले कायमचे हरवे.

‘अक्षर’ म्हणजे नाश न पावणारे, असे आम्ही वर्गात शिकवीत आलो. या यंत्रात मात्र अक्षर टिके, ते हाक ऐकणारा जागा असेल तोवरच.